उजवी बाही जरा सैल

तुला डावरी करून टाकलं गं त्यांनी, हर्षे.

करंजाड्याच्या नाक्यावर तुझा बॅनर लागलाय. भला मोठा. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली गावातल्या पुढाऱ्यांचे आणि पुढारी होऊ घातलेल्यांचे गोल गोल फोटो, आणि मध्ये तू. भाला मागे खेचलेला, मान ताठ, नजर वर, आणि भाला डाव्या हातात! फ्लेक्सवाल्याने फोटो उलटा छापला. मी रिक्षातून उतरले आणि भर नाक्यात तुझ्या दादाला म्हटलं, "अहो, ही कोण? ही आपली हर्षदा नाही." तो खाली बघत म्हणाला, "जाऊ दे गं. आता काय फरक पडतो."

काय फरक पडतो! ज्या उजव्या खांद्याने सगळं घर आपल्याभोवती नाचवलं, ज्याच्यासाठी मी अर्धा जन्म मीठ तापवलं, तो खांदाच बदलून टाकला, आणि म्हणे काय फरक पडतो. मी तिथेच रडायला लागले. लोकांना वाटलं, वहिनीला दुःख अनावर झालं. दुःख तर होतंच, पण मला राग आला होता. अजून आहे. फ्लेक्सवाल्यावर, तुझ्या दादावर, माझ्यावर, आणि सगळ्यात जास्त तुझ्यावर.

त्या बॅनरवर तुझं सगळं लिहिलंय. राज्य पातळी, राष्ट्रीय पातळी, स्पोर्ट्स कोट्यातली नोकरी, 'पनवेलची शान'. ते मी इथे उगाळत बसत नाही. भाल्यातलं शास्त्र मला कधी कळलं नाही आणि मी आयुष्यात एकदाही भाला टाकलेला नाही. मी भाला आणणारी. तू जिथून टाकायचीस तिथे बाकीचे सगळे उभे असायचे, आणि तो जिथे पडायचा तिथे मी एकटी. मला जे दिसलं ते तिथूनच दिसलं.

मी तुमच्या घरी आले तेव्हा तू नववीत होतीस. आठवतंय तुला? अंगावरची हळद अजून उतरली नव्हती, हातात हिरवा चुडा. हळदीच्या डीजेने सगळ्यांचे कान गेलेले, सगळ्या बायका आडव्या पडलेल्या. पहाट फुटल्या फुटल्या तू माझ्या उशाशी येऊन बसलीस. "वैनी, चल ना जरा माझ्यासंगं. एक काम हाय." मला वाटलं, पोरीला काहीतरी बाईमाणसाशी बोलायचं असेल. तू मला गावाबाहेर, मिठागरांच्या पलीकडे, खाडीकाठच्या मोकळ्या खाजणावर नेलंस. मिठाचे ढीग कोवळ्या उन्हात चमकत होते. तू एक बांबूचा भाला उचललास आणि लांबवर बोट दाखवलंस. "तू तिथं जाऊन उभी राह. मी टाकते, तू आणून दे. दर वेळी मीच धावले तर हातात दम कुठून राहील?"

नव्या नवरीला पहिल्याच सकाळी कामाला जुंपणाऱ्या नणंदा मी ऐकल्या होत्या. कुणी पाणी भरायला लावतं, कुणी मासळी साफ करायला. भाला आणायला लावणारी तूच पहिली. मी शालू वर खोचून चिखलातून चालत गेले, भाला उपटला आणि आता हा परत फेकायचा कसा म्हणून उगारला, तर तू तिकडून किंचाळलीस. "फेकू नको! भाला परत फेकत नसतात! हातात धरून आणायचा. टोक खाली!"

तो पहिला नियम मी शिकले. त्यानंतर किती फेऱ्या झाल्या असतील देव जाणे. आई ओरडायच्या, "सून आणली का पोस्टमन आणला?" तू हसून म्हणायचीस, "आय, माझ्यासाठी आणली गं, दादाला उगाच वाटतंय त्याच्यासाठी आणली."

लोकांना वाटतं भाला अंगावर येताना मोठा होत होत येतो. तसं नाही. नीट सुटलेला भाला समोरून नुसता ठिपका दिसतो. ठिपका थरथरला की समजायचं, कुठेतरी मनगट चुकलं. मी तिथून हात हलवायचे आणि तू इकडून शिवी घालायचीस. मला नाही, स्वतःला. तोंड मात्र तुझं खाडीतलं होतं हो. माझ्या माहेरी उरणकडेसुद्धा असल्या शिव्या मी ऐकल्या नव्हत्या.

त्या खाजणावर दुपारनंतर खाडीचा वारा सुटायचा, थेट तुझ्या तोंडावर. तू त्याच्यावर भाला टाकायला शिकलीस. वाऱ्याच्या पोटाखालून, सपाट, नाक खाली ठेवून. तालुक्यात तुझ्या जवळपास कुणी नव्हतं. मग पहिल्यांदा राज्य स्पर्धेला गेलीस, चारी बाजूंनी उंच कठडे असलेलं मैदान, पान हलेना. तू आपला खाडीचा भाला टाकलास आणि तो भिजल्या पोत्यासारखा जवळच येऊन पडला. तिन्ही वेळा. मी प्रेक्षकांत बसले होते, तू माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरलेस, जणू मीच वारा पिशवीत घालून घरी ठेवून आले होते. बाहेर आल्यावर माझ्या गळ्यात पडून रडलीस. "वैनी, वाराच नव्हता गं! ही माणसं वाऱ्याशिवाय कशी टाकतात?" मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मासा पाण्याबाहेर काढला की असाच तोंड उघडून बघतो. मग परत आल्यावर घरांच्या आडोशाला, वारा नसेल तिथे, तू पुन्हा पहिल्यापासून शिकलीस. कुणी सांगितलं नव्हतं. हट्टी कुठली.

विमानतळाला गाव गेलं, आगर गेले, खाजण गेलं. आपण करंजाड्याला आलो. आबांनी, तुझ्या वडिलांनी, आपल्या आगरातलं शेवटचं मीठ चिनी मातीच्या बरणीत भरून आणलं. "हे खायचं नाय," म्हणाले. कशासाठी ठेवायचं ते सांगितलं नाही, आणि पुढच्या वर्षी गेले. ते तुझ्या खांद्यासाठी ठेवलं होतं हे मला नंतर, तुझा खांदा गेला तेव्हा कळलं.

राष्ट्रीय स्पर्धेत चौथी आलीस तेव्हाच गेला तो. पदक बोटभर अंतराने हुकलं आणि खांदाही त्याच फेकीत गेला. मग नोकरी लागली, बेलापूरला ऑफिस, खुर्ची, फाइली. तरी रविवारी पहाटे नवीन पनवेलच्या मैदानात जायचोच आपण. मी गाऊनवर ओढणी घेऊन त्या टोकाला, आणि फिरायला आलेल्या आजोबा मंडळींना ओरडायचे, "ओ काका, बाजूला व्हा, भाला येतोय!" त्यांना वाटायचं बाई वेडी आहे. घरी आल्यावर तू म्हणायचीस, "वैनी, मीठ तापव." मी बरणीतलं खडेमीठ लोखंडी तव्यावर तापवायचे, जुन्या लुगड्याच्या फडक्यात पुरचुंडी बांधायचे आणि तुझा खांदा शेकायचे. तेच मीठ, तेच फडकं, तोच खांदा. शेकून झालं की मीठ गार करून परत बरणीत.

तुझं शरीर मला तुझ्या आईपेक्षा जास्त माहीत होतं. सांगायला लाज कसली? तुझा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड. माझ्या लग्नाच्या आधीपासूनच तसा. तुझे ब्लाउज मी शिवायला टाकायचे आणि शिंप्याला दर वेळी सांगायचे, "उजवी बाही जरा सैल." तो दर वेळी विचारायचा, "वहिनी, दोन्ही बाह्या सारख्या नकोत?" मी दर वेळी म्हणायचे, "माझी नणंद सारखी नाहीये हो."

आणि ते पाहुणे! पेणकडचे. मुलाची आई तुझ्या हाताकडे बघत होती, बघत होती, शेवटी म्हणाली, "मुलीचा एक हात सुजलाय का?" तू चहाचा ट्रे खाली ठेवलास, पदर खोचलास आणि म्हणालीस, "सुजला नाय, कमावलाय." मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसले. स्थळ गेलं. नंतर आलेली पण गेली. आई रडायच्या, दादा चिडायचा, आणि तू भाकरीबरोबर सुका जवळा हाणत बसायचीस. "वैनी, अजून वाढ." तुला खरंच काही वाटत नव्हतं का गं? हे मी कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची.

आपण भांडायचो, पण आपली भांडणं पुरी व्हायची नाहीत. भांडण रंगात आलं की तू उठायचीस आणि म्हणायचीस, "उरलेलं उद्या." पहिल्यांदा मला वाटलं, माघार घेतेय. मग कळलं, ही तुझी रीतच होती. अर्धं भांडण शिल्लक ठेवलं की दुसऱ्या दिवशी बोलायला तोंड राहतं, म्हणायचीस. नणंद-भावजयांचे अबोले वर्षानुवर्षं चालतात आमच्या उरणला, एकीच्या मयताला दुसरी येत नाही. आपला अबोला कधी एक रात्र टिकला नाही. दुसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता तू म्हणायचीस, "हां, काल कुठपर्यंत आलो होतो?"

मेले, आता कुठपर्यंत आलोय ते मी कुणाला विचारू?

तन्वीवरून चाललं होतं. माझ्या पोरीवरून. शाळेच्या ड्रेसची काख उसवून आणायची ती, फक्त उजवीकडची. दोनदा शिवली मी. तिसऱ्यांदा सुई हातात धरली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ही शिवण मी ओळखत होते. इतकी वर्षं तुझी तीच काख शिवत आले होते. रविवारी मी भाले आणायला यायचे तो वेगळा आणि तुमचा आत्या-भाचीचा चोरून चाललेला कारभार वेगळा, शनिवारी, क्लासच्या नावाखाली. मी घर डोक्यावर घेतलं. तू नुसती हसत होतीस. "वैनी, अगं पोरगी टाकतेय बघ कशी! ठिपका हालत नाय."

त्या संध्याकाळी तू ऑफिसातून आलीस. ऊन अजून स्वयंपाकघराच्या ओट्यावर होतं. पर्स फेकलीस आणि म्हणालीस, "वैनी, मीठ तापव. आज लई खेचतंय." उजवा खांदा. नेहमीचा. मी तवा ठेवला. शेकताना मी पुन्हा तन्वीचा विषय काढला, कारण तू एका जागी बसलेली सापडलीस की तेव्हाच बोलायचं असतं, एरवी हाती लागायची नाहीस. तू म्हणालीस, कळ मानेत जाते. मी म्हटलं, जाणारच, दिवसभर कॉम्प्युटरपुढे मान घालून बसतेस. तू म्हणालीस, दाढ पण ठणकते. मी लवंग दिली, म्हटलं दाढेखाली धर. तुला घाम फुटला होता. तो मी पुसला. या माझ्या हातांनी, या पदराने पुसला आणि म्हटलं, "मीठ जास्त तापलं का गं?" तू म्हणालीस, "नाय. बरं वाटतंय."

बरं वाटतंय म्हणालीस तू. का म्हणालीस?

आणि मी बोलतच होते. माझी पोर त्या मैदानात जाणार नाही, म्हटलं. तिचं शिक्षण आहे, तिचं लग्न व्हायचंय. आणि मग ते वाक्य. "तुझं झालं तेवढं पुरे झालं, हर्षे. माझी पोर तरी धड राहू दे."

तू वळून माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. तुला खरंच प्रश्न पडला होता असं बघितलंस. "माझं काय वाईट झालं गं, वैनी?"

मी पुरचुंडी पुन्हा तव्यावर टेकवली. तू थोडा वेळ वाट बघितलीस. मग उठलीस, खांदा एकदा फिरवलास, आणि म्हणालीस, "जाऊ दे. उरलेलं उद्या. जवळा केलास तर मस्त होईल. मी पडते जरा."

मी जवळा परतायला घेतला. कांदा जास्त घातला, तुला आवडतो तसा. परतून झाला, भाकरी टाकली, तुला हाक मारली. पुन्हा मारली. म्हटलं, रुसलीय बाई. ताट वाढून खोलीत घेऊन आले. पुढचं मला लिहिता येत नाही, आणि तुला सांगायचीही गरज नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय. बायकांना असंही दुखतं म्हणे, कुठल्याही खांद्यात, जबड्यात, पाठीत, छातीत दुखेलच असं नाही. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "आधीपासून दुखत होतं का?" मी काय सांगू? आधीपासून म्हणजे कधीपासून? ती नववीत होती तेव्हापासून? या घरात हर्षदाचा उजवा खांदा दुखणं म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. असतंच ते. कोण वर मान करून बघतं?

म्हणून त्या बॅनरपाशी माझा तोल गेला, हर्षे. ते चित्र बघितलं आणि एकच विचार आला. तू खरंच डावरी असतीस तर? तर तुझा जुना खांदा डावा असता. आणि उजवा दुखायला लागल्यावर मी तवा ठेवला नसता. मी विचारलं असतं, "हा का दुखतोय गं? हा तर तुझा चांगला खांदा." मी रिक्षा बोलावली असती. तू आत्ता ओट्यावर बसून त्या फ्लेक्सवाल्याच्या आईबापाचा उद्धार करत असतीस. एवढाच फरक पडतो. तुझ्या दादाला जाऊन सांगा कुणीतरी.

तो बिचारा मला म्हणतो, तुझा काय दोष. आई म्हणतात, एवढी वाघासारखी पोर, तिला हृदयाचं होईल असं कुणाच्या मनात तरी येईल का. सगळे समजूत घालतात. मला समजूत नकोय. मला ती संध्याकाळ परत पाहिजे, उन्हासकट, आणि तवा थंड.

तुला नेण्याआधी आईंनी कपाटातली हिरवी साडी काढली. तुझ्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली, तुला न सांगता. सोबत ब्लाउज शिवलेला, कुठल्या तरी दुसऱ्या शिंप्याकडून. दोन्ही बाह्या सारख्या. बायकांनी तुला बसवलं, डावी बाही चढली, उजवी दंडावर अडली. चुलत सासूबाई म्हणाल्या, अंग सुजलंय. मी ओरडले त्यांच्यावर. "सुजलं नाही, कमावलंय!" मी कात्री आणली, काखेपासून शिवण उसवली, आणि तुझा हात त्या बाहीत नीट बसवला. इतकी वर्षं ती काख मी शिवली होती, त्या दिवशी उसवली. वर पदर घेतला म्हणजे कुणाला दिसलं नाही. तुला म्हणून सांगते.

आता तन्वीचं ऐक. यासाठीच बसलेय मी लिहायला.

तू गेल्यापासून पोर माझ्याशी धड बोलत नव्हती. रडतही नव्हती. तिने आमचं भांडण ऐकलं होतं, पलीकडच्या खोलीतून. तिच्या मनात काय होतं ते मला दिसत होतं. आत्या माझ्यापायी आईशी भांडली आणि गेली, असं. मला सांगता येत नव्हतं की नाही गं, तसं नाही, कारण मग कसं आहे ते सांगावं लागलं असतं. मीठ, लवंग, घाम. तुझा भाला कोपऱ्यात उभा होता. मी दादाला म्हटलं, माळ्यावर टाका तो, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका, या घरात मला भाला नको. माझ्या पोरीने खांदा धरून 'आई गं' म्हटलेलं मला ऐकायचं नाही. दादाने भाला हलवला नाही. मला वाटतं, त्याला हात लावायची छाती झाली नाही.

काल दुपारी तन्वी घरात नव्हती, आणि भाला पण नव्हता. सुतकात पोर मैदानात गेली म्हणून आईंनी कपाळाला हात लावला. मी चप्पल घालून निघणार तोच ती दारात आली. एकटीनेच गेली होती. एकटीच टाकायची, एकटीच धावत जाऊन आणायची. भाला मात्र टोक खाली धरून आणला होता. आणि डाव्या हाताने उजवा खांदा धरला होता.

"आई, खांदा दुखतोय."

आईंनी आतून सवयीने हाक मारली, "अगं, मीठ तापव!" मी तव्याला हात लावला नाही. पोरीला दंडाला धरून ओढत खाली नेलं, रिक्षात कोंबलं. ती म्हणतेय, "आई, अगं काय झालं? नुसता खांदा हाय!" मी म्हणतेय, "दाढ दुखते का? मान? घाम आलाय का तुला?" "आई, उन्हात खेळलेय, घाम येणारच ना!" रिक्षावाला आरशातून बघत होता. मी त्याला म्हटलं, "भाऊ, उडव रे रिक्षा, मागे काय बघतोस!"

दवाखान्यात मी रांग मोडली. माणसं बोलली, बोलू देत. डॉक्टरांना म्हटलं, आधी हिचा हृदयाचा कागद काढा. ते म्हणाले, मुलगी चौदा-पंधरा वर्षांची आहे, खेळाडू आहे. मी म्हटलं, आमची आधीची पण खेळाडूच होती. त्यांनी यंत्र ओढून घेतलं आणि कागद काढला. तन्वीच्या छातीला त्या चिकटपट्ट्या लावल्या, यंत्रातून ती वेडीवाकडी रेघ बाहेर यायला लागली, आणि मी त्या रेघेकडे बघत उभी राहिले, अशी की जणू दुरून ठिपका येतोय आणि तो थरथरतोय की नाही हे मला सांगायचंय.

डॉक्टर म्हणाले, "ताई, खांदाच आहे. बाकी सगळं ठणठणीत. वॉर्मअप न करता जोर लावलाय पोरीने."

खांदाच आहे. नुसता खांदा. एवढे दोन शब्द तुझ्या वाट्याला आले असते तर काय बिघडलं असतं गं देवाचं?

आणि मग ते कागदावर लिहिता लिहिता म्हणाले, "दोन दिवस आराम. घरी मिठाचा शेक द्या."

मी हसले. खरं सांगते, मोठ्याने हसले, आणि मग तिथल्या खुर्चीवर बसून असा टाहो फोडला की नर्स पाणी घेऊन धावली. तन्वी घाबरली. मग तिला सगळं सांगितलं मी, तिथेच, माणसांसमोर. तुझी मान, तुझी दाढ, मी पुसलेला घाम. "भांडणाने नाही गेली गं आत्या," म्हटलं. "मला कळलं नाही म्हणून गेली." पोर माझ्या कुशीत शिरली आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा रडली.

घरी येऊन मी बरणी काढली. त्या संध्याकाळचं मीठ मी परत बरणीत भरलं नव्हतं. ते फडक्यात तसंच ओट्याखाली पडलं होतं, पुरचुंडीची गाठ तशीच. गाठ सोडली. तवा ठेवला. मीठ तडतडायला लागलं तेव्हा वाटलं, गॅस बंद करावा आणि सगळं खिडकीतून बाहेर भिरकावून द्यावं. केलं नाही. पुन्हा बांधलं. तन्वीला तुझ्याच जागेवर बसवलं, ओट्याला टेकून.

एका हाताने तिचा खांदा शेकत होते. दुसरा हात तिच्या छातीवर ठेवला.

"आई, काय करतेस?"

"गप बस."

डोकं मागे ओट्याला टेकून ती म्हणाली, "आई, मैदानात भाला आणायला कुणी नाय गं. सारखं धावायला लागतं." तुझेच शब्द. कुठून येतात हे हिच्या तोंडात?

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता आहे, आणि ऐकायला तू नाहीस. तुझं काही वाईट झालं नव्हतं. तू तुझा हात कमावलास, आणि तुला बघून माझ्या पोरीला तो कमवावासा वाटला. घाबरले होते ती मी. हे मी त्याच वेळी म्हणायला हवं होतं, तू वाट बघत बसली होतीस तेव्हा. आता हे कुणाला म्हणू? त्या बॅनरवरच्या डावरीला?

तन्वीला मी म्हटलं, "आधी खांदा बरा होऊ दे. मग बघू." खेकसूनच म्हटलं. पण नाही म्हटलं नाही, हर्षे. तुझ्या कानावर घालते. उरलेलं भांडायला तू नाहीस, म्हणून मी एकटीच दोन्ही बाजूंनी भांडतेय.

पोर तशीच टेकून झोपली. मीठ गार झालं. खांद्यावरचा हात मी काढला, छातीवरचा काढला नाही.